मांडव्यमुनींचा प्रश्न



महाभारताच्या आदिपर्वात अणिमांडव्य ऋषींची कथा आहे. चोर त्यांच्या आश्रमात दडले. मुनी मौनव्रतात होते, म्हणून राजपुरुषांनी त्यांनाच दोषी मानून सुळावर चढविले. पुढे त्यांनी यमधर्मास विचारले, ‘हे कोणत्या पापाचे फळ?’ बालपणी पतंगांच्या पुच्छास काडी टोचल्याचे, असे उत्तर मिळाले. अजाणत्या वयातील कृत्यास एवढा दंड? मुनींनी यमधर्मासच मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर. आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पातक लागू नये, अशी मर्यादाही घातली. येथे न्याय करणाराच अपराधी ठरला, हे ध्यानी घ्यावे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात. अपराध अतिगंभीर आणि वय १६ वर्षांवर असेल, तर त्याची मानसिक क्षमताही तपासतात. मंडळात जाणकार नसेल, तर मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.

परंतु क्षमता मोजणे निराळे आणि वेदना ओळखणे निराळे. कोवळ्या वयातील विषण्णता पुष्कळदा अश्रूंनी नव्हे, चिडखोरपणाने प्रकट होते. मार खात वाढलेले मूल मागे पाऊल वाजले तरी दचकते आणि आधीच हात उगारते. आपण त्यास उद्दाम म्हणतो. व्यसन सुटताना त्याचे अंग कापते. ते आपणांस सोंग वाटते. अशा मुलास उपचारार्थ पाठविण्याची तरतूद कायद्यात आहे, पण आधी ते कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या देवळाची दानपेटी फोडताना पंधरा वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याचे मनगट मीच धरले होते. तो हसत होता, म्हणून मी त्याच्या मुस्कटात मारली. वडील गेल्यापासून त्यास रात्ररात्र झोप नव्हती, आणि भीतीने त्याला असेच हसू फुटत असे, हे मागाहून कळले. निरीक्षणगृहातील समुपदेशक बाईंनी ते ओळखले. ज्यांच्या हातून त्याने लहानपणापासून प्रसाद घेतला, त्या आम्ही ओळखले नाही.

त्याची आई आजही दर सोमवारी येते. पण गाभाऱ्यापर्यंत न येता सभामंडपाच्या खांबाशीच थांबते. गेल्या सोमवारी माझे वडील पळी घेऊन खांबापर्यंत गेले व त्यांनी तिला तीर्थ दिले. मुलगा कसा आहे, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.