लोखंडी दांतांचें पिशाच्च

भयाचा न्याय करतांना आपण बहुधा भूत खरें कीं खोटें, एवढेंच विचारतों. तें भय कोणत्या वस्तींत वाढलें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

स्कॉटलंडांतील ग्लासगो शहराच्या गॉर्बल्स भागांत २३ सप्टेंबर १९५४ रोजीं संध्याकाळीं शेंकडों मुलें एका जुन्या दफनभूमींत शिरलीं. कांहीं अगदीं लहान, तर कांहीं तेरा-चौदा वर्षांचीं होतीं. कित्येकांच्या हातीं काठ्या होत्या, कांहींच्या हातीं सुरेही. सात फूट उंचीच्या, लोखंडी दांतांच्या पिशाच्चानें दोन मुलांना मारून खाल्लें, अशी वदंता पसरली होती. वस्तुतः एकही मूल बेपत्ता झालें नव्हतें. जवळच्या लोखंडाच्या कारखान्याच्या भट्ट्या मात्र थडग्यांमागील आकाश लाल करीत होत्या.

वडीलधाऱ्यांनीं आरोपी तत्काळ ठरविला: अमेरिकन भयकथांचीं चित्रपुस्तकें. त्यांविरुद्ध चळवळ चालूच होती; शिक्षक, धर्मोपदेशक आणि कम्युनिस्ट, असे एरवीं एका पंक्तीस न बसणारे लोक तींत एक झाले होते. तिला हें उदाहरण आयतेंच मिळालें, आणि १९५५ सालीं पार्लमेंटानें अशा पुस्तकांना मनाई करणारा कायदा केला. परंतु लोखंडी दांत ही कांहीं एकट्या चित्रपुस्तकांची मिरास नव्हती. लोखंडी दांतांचें श्वापद आहे तें बायबलांतील दानीएलाच्या ग्रंथांत. आणि न निजणाऱ्या मुलांना भिवविणारी लोखंडी दांतांची जेनी आहे ती अलेक्झांडर अँडर्सन ह्या स्कॉटिश कवीच्या कवितेंत. तेव्हां हें पिशाच्च वडीलधाऱ्यांच्याच कपाटांतून निघालें असावें, असें मानण्यास जागा आहे.

मुलांच्या मनास जपण्याची इच्छा वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तेव्हांच्या गॉर्बल्समध्यें पडक्या चाळींतून कुटुंबेंच्या कुटुंबें एकेका खोलींत राहत, आणि अनेक बिऱ्हाडांत मिळून एकच शौचकूप असे. पुस्तक बंद करण्यास कायद्याचीं चार कलमें पुरतात. घर बांधण्यास पैसा लागतो. दोहोंपैकीं स्वस्त तेवढेंच करावयाचें आणि त्यास नीतिरक्षण म्हणावयाचें, ही आत्मवंचना होय.

मुलांची समजूत खोटी होती खरी. पण तीं दारें लावून बसलीं नाहींत, ज्याचें भय वाटलें त्याच्यावर चालून गेलीं. हें धैर्य वडीलधाऱ्यांनीं त्यांच्यापासून घ्यावें. मूल भ्यालें असें कळल्यावर त्याच्या हातचें पुस्तक हिसकावण्यापूर्वीं, तें निजतें ती खोली एकदां पाहावी.