वाट निवडण्याचा अधिकार

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको यांच्यामधील सीमा पॅसिफिक महासागरापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ३,१४५ किलोमीटर पसरलेली असून तिच्यावर ये-जा करण्यासाठी पन्नासच्या आसपास अधिकृत नाकी आहेत. ॲरिझोना राज्यातून आपल्या मोटारीने मेक्सिकोत उतरू पाहणाऱ्या प्रवाशापुढे त्यांपैकी काही खरे पर्याय म्हणून उभी राहतात : पश्चिमेस ल्यूकव्हिल, जेथून कॅलिफोर्नियाच्या आखातावरील पुएर्तो पेन्यास्को या किनारी गावाकडे सरळ रस्ता जातो, मध्यभागी वैराण प्रदेशातील सासाबे, मग सर्वांत गजबजलेले नोगालेस, आणि पूर्वेस डग्लस. या निवडीचा विचार वेळ, खर्च, सोय आणि सुरक्षितता या मापांनी केला जातो व ही मापे योग्यच आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी नीतिशास्त्राचा आणि धर्मचिंतनाचाही एक प्रश्न आहे : वाट निवडता येणे ही माणसाची स्वाभाविक अवस्था आहे की कोणीतरी दिलेली सवलत, आणि ती सवलत असेल तर तिच्याबरोबर कोणते देणे येते?

प्रथम निवडीचे व्यावहारिक स्वरूप पाहणे आवश्यक आहे, कारण तत्त्वविचार त्याच्यावरच उभा राहतो. नोगालेस येथे मोटारींसाठी दोन प्रमुख नाकी आहेत. शहराच्या मध्यातील डी-कॉन्सिनी आणि पश्चिमेकडील मारिपोसा. मारिपोसावरून मालमोटारींची मोठी वर्दळ चालते, तरी तेथून निघणारा प्रवासी शहराची दाटी टाळून १५ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाला लागतो, जो इमुरिस, मग्दालेना, एर्मोसियो आणि ग्वायमास या गावांवरून पुढे माझात्लान व ग्वादालाहारापर्यंत जातो. सीमेलगतचा पट्टा, बाहा कॅलिफोर्नियाचे द्वीपकल्प आणि सोनोरा राज्याचा मोठा भाग सोडून अधिक आत जायचे असल्यास परदेशी मोटारीला तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो. हा परवाना बान्हेर्सितो ही मेक्सिकन सैन्याची बँक देते, त्यासाठी अनामत रक्कम घेते आणि मोटार मुदतीत देशाबाहेर गेल्याची नोंद झाल्यावरच ती परत करते. अमेरिकेतील विमा मेक्सिकोत ग्राह्य धरला जात नसल्याने तेथील कायद्याप्रमाणे वेगळा विमा उतरवावा लागतो. पुढे रस्त्यांचीही दोन कुळे आहेत : क्वोता म्हणजे पथकर घेणारे जलद मार्ग आणि लिब्रे म्हणजे गावागावांतून जाणारे विनाशुल्क मार्ग. रात्री वाहन चालवू नये, हा सल्ला सर्वत्र दिला जातो, कारण अनेक मार्गांवर दिवे नसतात आणि गुरे रस्त्यावर येतात. येथवरचा विचार साधनांचा आहे, आणि तो ज्या माणसाच्या नावाने घडतो त्याच्याकडे पारपत्र, पैसा व मोटार असल्याचे त्यात गृहीत धरलेले आहे.

सोनोरातील या वाटांची जडणघडण ज्याच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या एउसेबियो फ्रान्सिस्को किनो या येशूसंघी धर्मगुरूचे आयुष्य निवडीच्या प्रश्नावर विलक्षण प्रकाश टाकते. येशूसंघ, म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात स्थापलेला कॅथलिक संन्याशांचा संघ. किनो यांचा जन्म १६४५ साली आल्प्समधील त्रेन्तो प्रांतात झाला. तारुण्यात जिवावरच्या आजारातून उठल्यावर त्यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांना केलेला नवस फेडण्यासाठी संघात प्रवेश घेतला आणि त्या संताचे नाव आपल्या नावात गुंफले. झेवियर यांच्याप्रमाणे पूर्वेकडे, शक्य तर चीनला जावे, ही त्यांची तीव्र इच्छा होती. प्रत्यक्षात दोन जागा आणि दोन उमेदवार असा प्रसंग आला तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. सोबत्याच्या वाट्याला फिलिपाइन्स आले आणि किनो यांच्या वाट्याला मेक्सिको. १६८७ पासून १७११ मधील मृत्यूपर्यंत ते आजच्या सोनोरा व दक्षिण ॲरिझोनाच्या प्रदेशात घोड्यावरून हिंडत राहिले आणि बाहा कॅलिफोर्निया हे बेट नसून तेथे जमिनीवरून जाता येते, हे त्यांनी १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नकाशातून दाखवले. ज्याने इतरांसाठी एवढ्या वाटा उघडल्या, त्याची स्वतःची वाट त्याच्या इच्छेविरुद्ध चिठ्ठीने ठरली होती.

हे स्वीकारणे किनो यांना का जमले, याचे उत्तर त्यांच्या संघाच्या साधनापद्धतीत सापडते. इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोपची संमती मिळाली; त्याच्या केंद्रस्थानी ‘निवड’ ही संकल्पना आहे. साध्य एकदा निश्चित झाले की निवड फक्त साधनांची करायची असते, आणि ती करण्यापूर्वी साधकाने आरोग्य व आजार, संपत्ती व दारिद्र्य, दीर्घायुष्य व अल्पायुष्य यांपैकी कशाकडेही मनाचा कल न ठेवण्याची स्थिती गाठली पाहिजे, असे तो ग्रंथ शिकवतो. ही तटस्थता उदासीनतेहून पूर्णपणे भिन्न आहे, कारण तिच्यात साध्याविषयीची ओढ कमी होत नाही, केवळ साधनाविषयीची आसक्ती गळून पडते. या दृष्टीने पाहिले तर आधुनिक मोटारप्रवासी नेमका उलट्या क्रमाने विचार करतो : कोणत्या नाक्यावर रांग कमी, कोणता रस्ता गुळगुळीत, याची तुलना आधी होते आणि कशासाठी जायचे हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. साध्यच अनिश्चित असेल तर पर्यायांची संख्या वाढल्याने स्वातंत्र्य वाढते, असे म्हणता येत नाही. फार तर चाचपडण्याचे क्षेत्र वाढते.

नोगालेसच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेले मग्दालेना हे गाव या विचाराला प्रत्यक्ष आधार पुरवते. तेथे संत झेवियर यांना वाहिलेल्या प्रार्थनामंदिराच्या समर्पणासाठी किनो आले असता १७११ साली त्यांचे देहावसान झाले. १९६६ साली त्यांच्या अस्थी सापडल्या आणि आता त्या गावच्या चौकातील समाधीत पाहता येतात. गावातील चर्चमध्ये झेवियर यांची पहुडलेल्या स्थितीतील मूर्ती आहे, आणि भाविक तिचे मस्तक हाताने किंचित उचलतात. ज्याचे मन शुद्ध नाही त्याला ते उचलता येत नाही, अशी लोकश्रद्धा आहे. गोव्यातील वाचकाला या पहुडलेल्या देहाची ओळख सांगावी लागणार नाही. चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर १५५२ साली निधन पावलेल्या झेवियर यांचे पार्थिव १५५४ साली गोव्यात आले, आज ते जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेत आहे आणि तेथेही दूरदूरहून माणसे चालत येतात. मात्र गोव्याचे फेस्त ३ डिसेंबरला, म्हणजे झेवियर यांच्या स्मृतिदिनी होते, तर मग्दालेनाचा उत्सव ४ ऑक्टोबरला, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या दिवशी होतो. १७६७ साली स्पेनच्या राजाने येशूसंघाला हद्दपार केल्यावर फ्रान्सिस्कन संन्यासी तेथे आले आणि लोकमानसात असिसीचे फ्रान्सिस, झेवियर आणि स्वतः किनो हे तिघेही एका मूर्तीत मिसळून गेले. धर्मपंडितांना हा घोटाळा वाटू शकेल. श्रद्धेच्या इतिहासात मात्र अशी सरमिसळच परंपरेला टिकवून धरते.

मग्दालेनाला जाणाऱ्यांपैकी अनेकजण ‘मान्दा’ फेडण्यासाठी जातात. मान्दा म्हणजे संकटात संताला दिलेले वचन, आपल्याकडील नवसासारखेच. नवस करणारा माणूस एका अर्थाने आपली निवड आधीच खर्च करून टाकतो : कोणत्या गावी, कोणत्या दिवशी आणि पुष्कळदा पायीच जायचे, हे ठरून गेलेले असते आणि रस्त्यावर त्याला फक्त चालायचे असते. तो बांधलेला असतो, पण ही गाठ त्याने स्वतः मारलेली असते. म्हणूनच पर्यायांच्या मोजणीने स्वातंत्र्य ठरवणारी दृष्टी येथे अपुरी पडते.

परंतु न निवडण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याला नवसाचे पावित्र्य देणे हा अन्याय होईल. मग्दालेनाच्या उत्सवाला पिढ्यान्‌पिढ्या जाणारे तोहोनो ओओधाम लोक या वाळवंटाचे मूळ रहिवासी आहेत. १८५३ साली झालेल्या आणि पुढील वर्षी अमलात आलेल्या गॅड्सडेन खरेदी-कराराने अमेरिकेने मेक्सिकोकडून जो भूभाग विकत घेतला, त्याच्या नव्या सीमारेषेने त्यांची भूमी मधोमध चिरली. आज ॲरिझोनातील त्यांच्या राखीव प्रदेशाची सुमारे १०० किलोमीटर कड ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे आणि जमातीचे काही सदस्य मेक्सिकोच्या बाजूला राहतात. तरुणांनी कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत चालत जाऊन मीठ आणण्याची त्यांची जुनी यात्रा हा त्यांच्या धर्मजीवनातील महत्त्वाचा विधी होता. तो ज्या प्रदेशातून जाई, त्याच प्रदेशातून आज सुटी घालवणारे प्रवासी ल्यूकव्हिलमार्गे समुद्राकडे जातात. २०२० साली सीमाभिंतीच्या कामासाठी ल्यूकव्हिलजवळची टेकडी सुरुंगांनी फोडण्यात आली, तेव्हा ओओधाम लोकांनी ती पूर्वजांशी निगडित भूमी असल्याचे सांगून विरोध केला. किनो यांच्या वाटाही या लोकांच्या दृष्टीने निरागस नव्हत्या, कारण धर्मप्रसाराच्या मागोमाग स्पॅनिश सत्ता आली आणि १६९५ व १७५१ साली तिच्याविरुद्ध उठाव झाले. तरी त्या वाटा कोणाला अडवत नव्हत्या. नवसाने बांधलेला यात्रेकरू आणि रेषेने अडवलेला यात्रेकरू दोघेही निवड करत नाहीत, पण पहिल्याचे बंधन त्याच्या इच्छेतून निघते आणि दुसऱ्याचे त्याच्या इच्छेवर लादले जाते. हा भेद पुसला की धर्मविचार सत्तेचा सेवक बनतो.

सीमेवर माणसाला अडवण्याच्या या प्रश्नाचा तत्त्वज्ञांनीही विचार केला आहे. इमान्युएल कांट यांनी चिरंतन शांतीवरील १७९५ च्या निबंधात आतिथ्याचा हक्क मांडला. पृथ्वी गोल असल्याने माणसे अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत आणि तिच्या पृष्ठभागावर मुळात सर्वांचा समाईक हक्क आहे, म्हणून परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू मानले जाऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मात्र हा हक्क भेटीचा आहे, वास्तव्याचा नाही. जोसेफ कॅरेन्स यांनी १९८७ साली पुढे जाऊन श्रीमंत लोकशाही देशाचे नागरिकत्व म्हणजे सरंजामी काळातील जन्मसिद्ध विशेषाधिकाराचे आधुनिक रूप असल्याचे म्हटले, तर मायकेल वॉल्झर यांनी १९८३ साली समाजाला आपले सदस्य ठरवण्याचा अधिकार असावा, अशी बाजू मांडली होती. वॉल्झर यांचे म्हणणे सदस्यत्वापुरते मान्य केले, तरी भेटीला आणि यात्रेला ते लागू पडत नाही, आणि ओओधामांना तर मुळीच नाही, कारण ते कोणाच्याही घरी पाहुणे म्हणून जात नाहीत.

सीमेची विषमता दिशेतही दिसते. दक्षिणेकडे जाणारी मोटार बहुधा काही मिनिटांत पार होते, उत्तरेकडे येणारी तासन्‌तास रांगेत उभी राहते. ॲरिझोना किंवा टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना हे चांगले ठाऊक आहे. भारतीय पारपत्रधारकाकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर त्याला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तोच व्हिसा मुदतबाह्य झाला असेल, तर जाण्याचे दार आणि परतण्याचे दार यांचे नियम वेगवेगळे होतात आणि सहलीआधी कागद पुन्हा पुन्हा तपासले जातात. ही काळजी खरी आहे, पण तिला पर्याय असतात. सर्वांनाच ते नसतात. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २०२२ या एका वर्षात या सीमेवर ६८६ मृत्यू व बेपत्ता होण्याच्या घटना नोंदवल्या. नव्वदीच्या दशकात शहरांजवळचे मार्ग बंदोबस्ताने आवळले गेल्यावर ज्यांना कोणतेच नाके खुले नव्हते, ते वाळवंटाकडे ढकलले गेले.

तरीही निवडीचा अधिकार असलेल्या प्रवाशाकडून अपराधभावाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याने न जाण्याने कोणाचे दार उघडणार नाही. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा रास्त आहे : ज्या भूमीवरून तो जातो तिच्या पूर्वीच्या वाटा आणि त्यांच्यावरून चालणारी माणसे यांची त्याला जाण असावी, आणि ती जाण मार्ग ठरवण्याच्या वेळीच उपयोगात यावी. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी नोगालेस ते मग्दालेना या महामार्गाच्या कडेने शेकडो यात्रेकरू उन्हात आणि रात्रीही पायी चालत असतात. त्या दिवसांत १५ क्रमांकाचा रस्ता धरणाऱ्याने उजेडी निघावे, वेग उतरवावा आणि रस्त्याची कड चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. आणि ज्याला हा उशीर परवडत नसेल, त्याला डग्लससमोरील आग्वा प्रिएतावरून जाणारा पूर्वेकडचा मार्ग उपलब्ध आहे.