परक्या शहरातील मळा

शास्त्रपाठ : यिर्मया २९:४-७, यशया ६५:२१-२२



हैदराबादेत राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील मुलीने पदवी घेतली आणि नोकरीचे अर्ज करण्याऐवजी, शहरातच एका वस्तीने मिळून चालविलेल्या मळ्यात सहा महिने शिकाऊ म्हणून काम धरले. तिच्या वडिलांना कोणी विचारले, तर ते एवढेच म्हणत, "ट्रेनिंग चालू आहे." कसले ट्रेनिंग, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नसे.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, ते मुलीची समजूत घालावी या विचारानेच. वडील म्हणाले, "पाळकसाहेब, माझ्या आजोबांचा जन्म पाटलाच्या शेतात राबण्यात गेला. मिशनच्या शाळेमुळे आमच्या हातातले खुरपे सुटले. तेच मुलीच्या हाती पुन्हा द्यायचे काय?"

आम्ही निरुत्तर झालो. हा गर्व नव्हता. ही जुनी जखम होती. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घराण्यांची हीच कथा आहे. शेत दुसऱ्याचे, घाम आपला, आणि रास दुसऱ्याच्या खळ्यावर. अशा लोकांना शाळेची पाटी ही मिसर देशातून झालेली सुटकाच वाटली. त्यांच्यापुढे मातीची गोड भाषणे करणे आम्हांला शोभत नाही.

मग देवाचे वचन येथे काय सांगते? इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून जे बाबेलास नेले गेले, त्यांत कारागीर व लोहार होते, हाताला कसब असलेली माणसे होती. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की, दोन वर्षांतच सर्व काही परत येईल. म्हणजे सामान बांधून वाट पाहत बसा! यिर्मयाने मात्र त्यांना पत्र लिहिले : घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा. आज आपले अनेक पदवीधर व्हिसाची किंवा कायमच्या नोकरीची वाट पाहत हातावर हात ठेवून बसतात. हनन्याचा आवाज अजून बंद पडलेला नाही.

परंतु या पत्रातील एक गोष्ट आमच्या नजरेतून वर्षानुवर्षे निसटली होती. देव केवळ 'लावा' म्हणत नाही, तो 'खा' असेही म्हणतो. यशयालाही हेच दर्शन झाले : जो लावतो त्याच्याच ताटात फळ पडेल. आजोबांचे दुःख माती हे नव्हते. त्यांनी लावले आणि खाल्ले दुसऱ्याने, हे त्यांचे दुःख होते.

हैदराबादच्या पश्चिमेस, जहीराबादजवळच्या पस्तापूर गावी याचे उदाहरण आहे. १९८३ साली सुरू झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांत बहुतेक स्त्रिया दलित आहेत. त्यांनी एकत्र येऊन पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, ज्वारी, राळा, तूर अशी पिके घेतली व बियाणे स्वतःच राखले. २००८ साली त्यांचे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि २०१९ साली त्यांच्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. माती तीच, खुरपेही तेच. परंतु बी कोणाचे आणि रास कोणाची, हे बदलले.

पुढे एका शनिवारी वडिलांना घेऊन आम्ही तो मळा पाहिला. मुलगी एका वृद्ध तेलुगु बाईच्या हाताखाली शिकत होती. बाई कधी शाळेत गेलेली नव्हती. आपली अंबाडी तिची गोंगुरा, आपला माठ तिचा तोटकूरा. पहिल्याच आठवड्यात मुलीने पालकाच्या वाफ्यात इतके पाणी सोडले होते की बी कुजून गेले. बाईने न रागावता दुसरे बी दिले. संध्याकाळी भाजीचे वाटे झाले. जो राबला त्याला वाटा, आणि जी बाई आजारी होती तिच्या घरीही एक जुडी पोहोचली. मुलीने आपला वाटा वडिलांच्या हाती दिला. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री घरी अंबाडीची भाजी झाली, एवढे आम्हांला ठाऊक आहे.

त्या मुलीला पुढे नोकरी लागेल किंवा ती मातीतच राहील. ते देव जाणे. तरुणांनी सगळे सोडून शेती करावी, असे आमचे म्हणणे नाही. शिकाऊ म्हणून बोलवायचे आणि फुकट राबवून घ्यायचे, हेही पाप आहे. मग ते मळ्यात घडो वा मंडळीच्या कार्यालयात. आमचे म्हणणे इतकेच की, श्रमाची लाज धरू नका, श्रमाच्या लुबाडणुकीची लाज धरा.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी या पावसाळ्यात चर्चच्या आवारात एक वाफा करून पाहावा. मुलांनी पेरावे, मुलांनीच खावे, आणि एक जुडी शेजाऱ्याच्या दारी न्यावी. तो कोणत्याही धर्माचा असो. यिर्मयाचे पत्र त्यांना आयुष्यभर आठवेल.

हे प्रभो, आमच्या पूर्वजांचा घाम तू पाहिला आहेस. आमच्या मुलांच्या श्रमाचे फळ त्यांच्या मुखी पडू दे, आणि ज्या शहरात तू आम्हांला ठेवले आहेस त्याचे कल्याण आमच्या हातून घडू दे. आमेन.