दुपटी धुणार कोण?

इंद्रायणी मळली म्हणून हळहळत नाही असा वारकरी सापडणार नाही. कार्तिकीच्या तोंडावर आळंदीत नदीवर पांढरा फेस तरंगत असल्याची छायाचित्रे अलीकडे वारंवार छापून येतात. ती पाहिली की आपण बोट कारखान्यांकडे दाखवतो. आम्हा चाकणकरांना तर त्यासाठी लांब जावे लागत नाही. गच्चीवर उभे राहिले की एमआयडीसीच्या शेड दिसतात. मीही बरीच वर्षे असेच बोट दाखवले. नातू झाला, आणि ते बोट हळूहळू माझ्याच घराकडे वळले.

मुलगा आणि सूनबाई दोघेही कंपनीत शिफ्टला जातात. त्यामुळे बाळ घरी आले तसे डायपरचे पुडेही आले. डायपर म्हणजे बाहेरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, आत लगदा आणि पाणी शोषून फुगणारी रासायनिक भुकटी. दिवसाला चार धरले तरी दोन वर्षांत जवळजवळ तीन हजार होतात. ते कुजत नाहीत, भंगारातही कोणी घेत नाही. बाळ तीन वर्षांचे झाले की त्याला काही आठवत नाही. कचऱ्याच्या डेपोवर मात्र त्याचे बालपण तसेच पडून राहते.

एके सकाळी घंटागाडी आली. मी घाईने पिशवी दिली, ती वरच फाटली. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या बाईंनी आतले डायपर उघड्या हाताने उचलून बाजूला टाकले. एका शब्दानेही त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वारीत भेटल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. इथे मात्र मी त्यांच्या हातात काय दिले?

पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ पासून आहे. डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणाऱ्याला आधीच कळेल, अशी विनंती कचरावेचकांनी लोकांना केली. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही अशा वस्तू नीट गुंडाळून वेगळ्या द्यायला सांगितले. मागणे एवढे साधे, आणि तेही मी पाळले नव्हते.

त्या संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मी घरात प्रवचनच केले. आमच्या वेळी आईच्या जुन्या लुगड्याची दुपटी असत, धोतराचे लंगोट असत, एकही वस्तू वाया जात नसे, हे सगळे सांगून झाले. सूनबाईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आबा, तुमचं खरं आहे. पण दुपटी धुणार कोण? माझी बस सहाला येते.”

मला उत्तर सुचले नाही. ‘आमच्या वेळी’ दुपटी कोण धूत होते? आधी माझी आई, मग माझी पत्नी. मुलगा लहान असताना मी एकही दुपटे धुतलेले नाही. ज्या काळाची मी थोरवी गात होतो, तो काळ दुसऱ्याच्या हाताने धुतलेला होता.

तेव्हा जनाबाईची कथा नव्याने समजली. जनीवर कामाचा डोंगर होता. परंपरा सांगते की पांडुरंग तिच्याबरोबर दळू लागला, धुणे धुऊ लागला. त्याने जनीला उपदेश केला नाही, जात्याचा खुंटा धरला. आपण मात्र खुंटा न धरता उपदेश करतो. घरात पर्यावरणाची वस्तू पुरुषाने निवडायची आणि तिचे ओझे बाईने वाहायचे, याला सात्त्विकता कशी म्हणावी? नदीवरचा भार काढून सुनेच्या पाठीवर ठेवला, तर परपीडा संपली नाही. तिने फक्त जागा बदलली.

म्हणून माझ्यापुरता विवेक असा ठरला: वस्तू घेताना तिचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडणार ते पाहावे, आणि जमेल तेवढा आपण उचलावा. आता दिवसा दुपटी, रात्री डायपर. घाण शौचकूपात टाकायची, दुपटी बादलीत भिजवायची, एकदम धुवायची आणि चाकणच्या उन्हात वाळवायची. धुणारा मी. पहिल्या दिवशी नाक मुरडले, आठवड्याने सवय झाली. दुधाच्या बाटलीऐवजी वाटी-चमचा आला. बाटलीच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदीच आहे. झबली शेजारच्या घरातून आली, पुढे तिसऱ्या घरी गेली.

यात मिरवण्यासारखे काही नाही. दुपट्यांचे साबणाचे पाणीही गटारातच जाते. इंग्लंडमध्ये सरकारी पातळीवर या दोन्ही पद्धतींचा अभ्यास झाला. २००८ च्या अहवालाचे सार असे, की कापडी लंगोट बरा की नाही हे तो धुतो कसा यावर ठरते. पाणी फार तापवले, यंत्राने वाळवले तर फायदा उरत नाही. भरपूर कपडे एकदम धुतले, वाऱ्यावर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले तर उरतो. म्हणजे पुण्य कापडात नाही, वापरण्यात आहे.

आणखी एक. चाकणमध्ये किती तरी कुटुंबे परगावाहून येऊन एका खोलीत राहतात. तिथे टँकरचे पाणी, वाळत घालायला दोरी नाही, आजी-आजोबा गावाकडे. त्या माउलीने डायपर वापरला तर तिला नावे ठेवू नयेत. तिला लाल ठिपक्याची गोष्ट सांगावी, जमल्यास तासभर बाळ सांभाळावे. आणि मी दुपटी धुतो म्हणून कारखान्याला सांडपाणी तसेच सोडण्याची मुभा मिळत नाही. त्यांचे कर्तव्य त्यांच्याकडे मागितलेच पाहिजे. फक्त मागणाऱ्याचे हात कामाला लागलेले असावेत.

इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि हीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. आपण दाराबाहेर टाकलेले आपल्याआधी पंढरीला पोहोचते. वारीला जाताना आपण पताका, टाळ, तुळस सोबत घेतो. आपल्या मागोमाग आणखी काय चालले आहे, तेही एकदा वळून पाहावे.

परवा सूनबाई दोरीवरची दुपटी काढत होती. म्हणाली, “आबा, यांना आता शिकवा.” मुलगा दुसऱ्या दिवशी बादली घेऊन बसला.

रामकृष्ण हरी.