हया म्हणजे अबोला नव्हे

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला अश्लील चित्रफितींचे व्यसन लागल्याचे कळते, तेव्हा आपण दोघांना दोष देतो: मोबाइलला आणि मुलाला. दोष त्यांचा आहेच. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पूर्वी चोरून मिळवावे लागे ते उशाशी आले. पण मोबाइल सगळ्यांच्याच उशाशी असतो. मग काही मुले सावरतात आणि काही बुडत जातात, ते का?

जरा घराकडे पाहू. कोकणातला बाप वर्षानुवर्षे आखातात; मुलाशी बोलणे फोनवर, तेही फी आणि निकालापुरते. भिवंडी-मालेगावात एका खोलीत सात माणसे. तिथे मुलाला एकांत मिळतो तो मोबाइलमध्येच. पुढे तो शिकायला पुण्या-मुंबईला जातो. परीक्षेची धास्ती, नोकरीची चिंता, एकटेपणा. शरीराविषयी घरात कोणी कधी बोललेले नसते. दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडाही अनेक वर्गांत ‘घरी वाचा’ म्हणून उरकला जातो. मग तो जे शिकतो ते त्या पडद्याकडूनच, आणि स्त्री ही वस्तू आहे हा तिथला पहिला धडा.

या अबोल्याला आपण ‘हया’ म्हणतो. पण मकतबात गुस्ल केव्हा फर्ज होते हे आपण मुलांना शिकवतोच ना? दीन समजून घेताना अन्सारी स्त्रिया लाजल्या नाहीत, म्हणून हजरत आयेशांनी त्यांची तारीफ केली. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. आपण मात्र मुलीच्या ओढणीवर लक्ष ठेवतो, मुलाच्या नजरेवर नाही.

एक तरुण पैगंबरांकडे (स.) व्यभिचाराची परवानगी मागायला आला. लोकांनी त्याला दटावले. पैगंबरांनी त्याला जवळ बसवले, तुझ्या आईच्या, बहिणीच्या बाबतीत हे तुला चालेल का असे विचारले आणि त्याच्यासाठी दुआ केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अनावर लैंगिक वर्तन हा विकार मानला आहे. मात्र केवळ नैतिक अपराधभाव म्हणजे विकार नव्हे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे एखाद्याला डॉक्टर लागेल, एखाद्याला ऐकून घेणारा बाप पुरेल. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा इलाज मात्र परक्याच्या मुलीला औषधासारखे वापरणे आहे. तो जुलूम आहे.

मुलाच्या कृत्याचा जाब मुलालाच द्यावा लागेल. पण चुकल्यावर त्याला घरात तोंड उघडायला जागा होती का, याचा जाब आपल्याला द्यावा लागेल.