लॅम्डाच्या कंसात न लिहिलेलं

बेलची असमानता एमएस्सीच्या वर्गात शिकवताना एक ओळ फळ्यावर येते आणि मुलं ती निमूटपणे उतरवून घेतात. कणांबरोबर जी काही छुपी चलं असतील ती सगळी 'लॅम्डा' या एका अक्षरात गोळा करायची, तिचं संभाव्यता-वितरण 'ऱ्हो ऑफ लॅम्डा' असं लिहायचं आणि पुढच्या गणिताला लागायचं. मी त्या ओळीवर मुद्दाम थांबतो. कंसात एकटा लॅम्डा आहे. दोन्ही टोकांचे ध्रुवक कोणत्या कोनांत लावले, याचा तिथे उल्लेखच नाही. कोनांची निवड आणि कणांनी उगमापासून आणलेली गुपितं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे आपण तिथे मानून टाकलेलं असतं.

जॉन बेलनं १९६४ साली मांडलेल्या युक्तिवादाचं १९६९ मधलं रूप आज प्रयोगशाळांत वापरतात. स्थानिक छुपी चलं मानली, तर सहसंबंधांची एक विशिष्ट बेरीज २ च्या पुढे जात नाही. पुंजयांत्रिकी ती सुमारे २.८३ पर्यंत नेते. अलाँ आस्पे यांनी १९८२ साली ओर्से इथे ध्रुवक १२ मीटर अंतरावर ठेवले. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला ४० नॅनोसेकंद लागतात, आणि मापनाची दिशा दर १० नॅनोसेकंदांनी बदलत होती. एका टोकाची खबर दुसऱ्याला वेळेत पोचणं त्यामुळे अवघड झालं. पण ती अदलाबदल ठरावीक लयीत होत होती. शिवाय बरेचसे फोटॉन सापडतच नव्हते. सापडलेले सगळ्यांचे खरे प्रतिनिधी आहेत, हेही धरून चालावं लागलं.

२०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनांवर २४५ चाचण्यांत २.४२ हा आकडा आला. निवडीची यंत्रं यादृच्छिक होती आणि एकही चाचणी वगळलेली नव्हती. तरी कंसातला प्रश्न उरलाच. २०१८ मध्ये ला पाल्मा बेटावर दुर्बिणींनी टिपलेल्या क्वेसारांच्या प्रकाशावरून दिशा निवडल्या गेल्या. त्यातला जवळचा प्रकाशही ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. संगनमत असलंच, तर ते तेवढं जुनं असायला हवं.

असं संगनमत मला पटत नाही. ते मानलं तर कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नुसती गोळी, ही सोडतसुद्धा रोगाशी आधीच जुळलेली म्हणावी लागेल. मग कुठल्याच प्रयोगाला अर्थ उरत नाही. पण न पटणं वेगळं आणि खोटं ठरणं वेगळं, हा फरक विद्यार्थ्यांपर्यंत पोचलाच पाहिजे.

२०२२ च्या नोबेलनंतर 'छुपी चलं नसतात हे सिद्ध झालं' असं सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. प्रयोगांनी नाकारलंय ते गृहीतकांचं एकत्र गाठोडं. त्यातलं कोणतं टाकायचं, ते आपण ठरवतो. डेव्हिड बोमचा १९५२ चा सिद्धान्त छुपी चलं ठेवतो आणि स्थानिकता सोडतो. यातल्या एकाही प्रयोगानं तो खोडलेला नाही.