मोडलेले जहाज



गेल्या महिन्यात घरभेटीसाठी आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे गेलो होतो. चहा यायचा होता, तेवढ्यात आतल्या खोलीत रडारड सुरू झाली. घरात दोन मुलगे. थोरला नववीत, धाकटा दुसरीत. थोरल्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे एक शिडाचे जहाज बांधले होते. मामाने नागपूरहून आणून दिलेला संच होता. तीन डोलकाठ्या, पांढरी शिडे, मागे सुकाणू, कडेला चिमुकला नांगर. अकरा दिवस तो त्याच्यावर खपला होता आणि तेव्हापासून ते जहाज टीव्हीच्या वरच्या फळीवर विराजमान होते. त्या दिवशी धाकट्याने खुर्ची लावून ते खाली काढले, सगळे मोडले आणि त्याच ठोकळ्यांची आगगाडी केली. गोंदियाकडचे पोर ते. त्याने समुद्र कुठे पाहिला? त्याने पाहिले ते जंक्शन, आणि फार तर नवेगावबांधच्या तलावातले डोंगे.

आई म्हणाली, "फादर, तुम्हीच सांगा जी याले काही." मी थोरल्याला जवळ बोलावले आणि म्हणालो, "अरे, ठोकळे तर सगळे जागेवर आहेत ना? एकही तुटला नाही. पुन्हा बांध. खेळणंच तर आहे!" त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. काही बोलला नाही. उठून बाहेर गेला.

परत येताना मोटारसायकलवर माझे मला कळत होते, की आपण चुकीचे बोललो. पण नेमके काय चुकले, हे सांगता येईना. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एका ठोकळ्यांच्या जहाजाने निरुत्तर केले. म्हणून आज हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

मी दोन वाक्ये बोललो होतो. एक, "खेळणंच तर आहे." दुसरे, "ठोकळे तर सगळे आहेत." दोन्ही वाक्ये आपण मोठी माणसे सहज बोलतो. ती खरी आहेत का?

आधी पहिले वाक्य घेऊ. आपल्या मनात खेळ म्हणजे कामाचा उरलेला वेळ. अभ्यास झाला, धान आत आले, दुकान बंद झाले, मग खेळ. संत थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातील विचारवंताने मात्र आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात खेळाविषयी गंभीर प्रश्न विचारला: खेळण्यातही काही सद्गुण असू शकतो का? त्याचे उत्तर होय असे आहे. तो तिथे संत योहानाची जुनी आख्यायिका सांगतो. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला विचारले, तू धनुष्य सतत ताणून धरू शकशील का? तो म्हणाला, नाही, ते मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने समजावले. थॉमस मर्यादाही घालतो: खेळ अभद्र नसावा, त्यात मनाचा तोल जाऊ नये, माणूस, वेळ आणि जागा पाहून तो खेळावा. पण त्याच वेळी तो असेही म्हणतो, की ज्याच्या आयुष्यात खेळाला जागाच नाही आणि जो दुसऱ्याच्याही आनंदावर विरजण घालतो, त्याचेही चुकते. तेव्हा "खेळणंच तर आहे" असे म्हणून मी त्या मुलाचे अकरा दिवस हलके केले. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेल्या लेकराला कोणी म्हणते का, की हे लाकूडच तर आहे?

आणि हा छंद फक्त लेकरांचा राहिलेला नाही. ज्या डॅनिश कंपनीच्या ठोकळ्यांवरून हा सगळा प्रकार जगभर पसरला, त्या लेगोची सुरुवात एका सुताराने केली. ओले कर्क क्रिस्तियान्सन असे त्याचे नाव. १९३२ साली, जगभर मंदी असताना, बिलुंड या लहानशा गावात त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. 'लेगो' हे नाव 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून आले. आज आपण पाहतो त्या ठोकळ्याच्या रचनेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाले. वर गोल खुंट्या आणि खाली पोकळ नळ्या, एवढीच युक्ती. पण त्यामुळे दोन ठोकळे एकमेकांना घट्ट धरतात, आणि तरीही लहान मुलाच्या हाताने सुटतात. डिंक नको, खिळा नको. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले, तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असा गणितज्ञांचा हिशेब आहे. म्हणजे ज्या ठोकळ्यांत जहाज आहे, त्यांच्यातच आगगाडीही आहे.

आता माझे दुसरे वाक्य: "ठोकळे तर सगळे आहेत." हे सोनाराला सांगून पाहा. आजीची पाटली वितळवली. सोने एक गुंजही कमी झाले नाही. मग आजीची पाटली आहे का? नाही. सोने आहे, पाटली गेली. ॲरिस्टॉटल म्हणतो तेही हेच: प्रत्येक वस्तूत द्रव्य असते आणि रूप असते. ठोकळे हे द्रव्य, जहाज हे रूप. धाकट्याने द्रव्याला धक्का लावला नाही, रूप मात्र नाहीसे केले. आणि थोरल्याने अकरा दिवस जे घडवले होते, ते रूपच होते. ठोकळे काही त्याने घडवले नव्हते.

ग्रीक लेखक प्लुटार्कने एका जहाजाची कथा लिहून ठेवली आहे. थिसियस नावाच्या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. फळी कुजली की ती काढायची, नवी बसवायची. असे करता करता जुने काही उरले नाही. मग हे तेच जहाज की दुसरे? सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली: कोणी त्या जुन्या फळ्या गोळा करून त्यांचे जहाज जोडले, तर थिसियसचे खरे जहाज कोणते? वर्गात यावर आम्ही तावातावाने वाद घालत असू. पण एक गोष्ट तेव्हा कोणी विचारली नाही: ते जहाज ज्याचे होते, त्याला काय वाटेल?

रूप किती चिवट असते, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत पाचव्या शतकातले एक शिडाचे जहाज रंगवलेले आहे. त्या काळच्या जहाजांचे नकाशे उरलेले नाहीत. उरले ते भिंतीवरचे चित्र. त्यावरून आपल्या काळात एक खरे जहाज बांधले गेले. केरळच्या कारागिरांनी लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या, डिंक-राळेने सांधे बुजवले. या शिवणीत लोखंडी खिळा नाही. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलाने त्याचे 'कौंडिण्य' असे नामकरण केले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानच्या मस्कतला पोहोचले. द्रव्य दीड हजार वर्षांपूर्वीच मातीला मिळाले. रूप भिंतीवर टिकले आणि कोणीतरी त्याला पुन्हा द्रव्य दिले.

मग कोणी म्हणेल, "फादर, म्हणजे तुमचेच बरोबर होते की. रूप संचाच्या पुस्तिकेत आहे. पुन्हा बांधता येते." खरे आहे. जहाज पुन्हा होईल. अकरा दिवसांऐवजी कदाचित सहाच दिवस लागतील. मग त्या मुलाचे गेले तरी काय?

बराच विचार केल्यावर मला सापडलेले उत्तर असे. ते जहाज कधी ना कधी मोडायचेच होते. ठोकळ्यांचा धर्मच तो. २०२० साली लेगोने चाच्यांच्या जहाजाचा २५४५ तुकड्यांचा एक संच काढला. त्यात फुटक्या जहाजाचे बेट बांधता येते, आणि तेच तुकडे वेगळे जोडले तर अखंड जहाज होते. मोडणे हा तिथे खेळाचाच भाग आहे. पण मोडायचे केव्हा, हे ठरवणे बांधणाऱ्याकडे असते. थोरल्याकडून त्याचे जहाज गेले नाही, तर ते सोडून देण्याची संधी गेली. जी गोष्ट त्याने एक दिवस आपल्या हाताने धाकट्याला दिली असती, ती त्याच्याकडून काढून घेतली गेली. आणि वर मी त्याला सांगितले, की यात गेले काय!

सोडून देणे हा सद्गुण आहे. हिरावले जाणे हा सद्गुण नाही, ते नुसते नुकसान आहे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. दोन्हीत हात रिकामाच होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या प्राणाविषयी हाच फरक स्पष्ट करतो: तो कोणी हिरावून घेत नाही, तो स्वतः होऊन देतो. एवढ्या मोठ्या गोष्टीत जो फरक आहे, तो फळीवरच्या जहाजातही आहे. आपण मात्र अनेकदा मुलांकडून एखादी गोष्ट काढून घेतो आणि त्याला त्याग शिकवणे म्हणतो. "तू मोठा आहेस ना, दे त्याला." मूल देते. पण ते दिलेले नसते.

थोरल्याचीही एक बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. हात लावू नकोस, जवळ येऊ नकोस, असे चार महिने त्याने भावाला बजावले होते. जहाज भावापेक्षा मोठे झाले होते. अंटार्क्टिकच्या मोहिमेवर गेलेले शॅकल्टनचे 'एन्ड्युअरन्स' हे जहाज १९१५ साली बर्फात चिरडून बुडाले. शॅकल्टनने जहाज सोडले आणि माणसे धरली. त्याच्याबरोबर अडकलेले सगळे, त्याच्यासह २८ जण, जिवंत परतले. २०२४ मध्ये त्याच जहाजाचा ३०११ तुकड्यांचा ठोकळ्यांचा संच निघाला, तोही प्रौढांसाठी. हजारो रुपये आणि अनेक रात्री घालून तो बांधणाऱ्या माणसाने शॅकल्टनची ती गोष्टही आठवावी. आपल्या काचेच्या कपाटातली वस्तू जपताना घरातले कोणी बाहेर तर राहिले नाही ना?

गेल्या रविवारी मिस्सानंतर तो मुलगा सायकल काढताना भेटला. मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो रे. ते नुसतं खेळणं नव्हतं." तो लाजला. मी विचारले, "धाकट्याने मागितलं असतं, तर दिलं असतंस?" त्याने प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाला, "तेव्हा नसतं देलं, फादर. दिवाळीच्या सुट्टीनंतर... देलं असतं."

आईबाबांनो, या आठवड्यात एवढेच करा. मुलाने बांधलेले, चिकटवलेले, रंगवलेले काही घरात धूळ खात पडले असेल, तर ते उचलून फेकण्याआधी त्याला विचारा. तो म्हणेल, अजून नाही. तर थांबा. आणि फळीवर जहाज ठेवणाऱ्यांनो, धाकट्याला निदान हातात तरी घेऊ द्या. ते ठोकळे घट्ट धरतात तसेच सुटतातही. बनवणाऱ्या सुताराच्या घराण्याने ते मुद्दाम तसे केले आहेत.

तुमचा धर्मगुरू